दर जूनमध्ये मेलेली रोपं: शाळेच्या आवारातला देशी झाडोरा का टिकत नाही, आणि त्यावर काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. गेल्या जुलैत मुलांनी हौसेनं देशी रोपं लावली. दिवाळीपर्यंत छान होती. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली तशी पानं मलूल व्हायला लागली. मे महिना सुट्टीत गेला आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा रांगेनं वाळक्या काड्या उभ्या. मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा वनमहोत्सव, त्याच खड्ड्यांत नवी रोपं आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा काड्या.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: सुट्टीत पाणी घालायला कुणी नव्हतं. पाण्याचा वाटा असतोच, पण पुष्कळदा रोप मरण्याचं कारण लावतानाच घडलेलं असतं आणि मे महिना फक्त शेवटचा धक्का देतो. शिवाय जिथं रोपं जगतात तिथंही दुसरी तक्रार येते, की झाडं आहेत पण पाखरू फिरकत नाही. दोन्ही तक्रारींची उत्तरं जागेवरच सापडतात, फक्त ती शोधायची सवय लागत नाही. म्हणून माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं एवढंच आहे: नवं रोप आणण्याआधी मेलेलं रोप मुलांकडून उपटून, मुळं धुऊन बघा. जे सापडेल ते लिहून ठेवा. त्याशिवाय त्या खड्ड्यात दुसरं रोप लावू नका.

आधी बघा, खरंच मेलंय का

पळस, पांगारा, काटेसावर ही आपली पानगळीची झाडं. कोरड्या दिवसांत ती पानं टाकतात आणि लहान रोप असेल तर अगदी वाळल्यासारखं दिसतं. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, विदर्भात त्याहून उशिरा, आणि पहिल्याच आठवड्यात स्वच्छतेच्या नादात ही जिवंत रोपं उपटून फेकली जातात. हे दरवर्षी होतं.

तपासणी सोपी आहे. खोडावर नखानं किंचित खरवडायचं. साल निघाल्यावर आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर रोप जिवंत. वर कोरडं लागलं तर तसंच खाली येत जमिनीजवळ खरवडायचं. कित्येक देशी रोपांचा वरचा भाग वाळतो, पण जमिनीलगतच्या भागातून पावसानंतर फुटवा येतो, कारण मुळात साठा शिल्लक असतो. म्हणून पाऊस नीट सुरू झाल्यावर किमान तीन-चार आठवडे थांबा. मुलांना प्रत्येक काडीला चिंधी बांधू द्या: हिरवी म्हणजे जिवंत, पिवळी म्हणजे शंका, लाल म्हणजे मेलेलं. लाल तेवढीच उपटायची.

मुळं काय सांगतात

उपटताना ओढायचं नाही, कुदळीनं चहूबाजूंनी माती मोकळी करून उचलायचं. मग बादलीत बुडवून हलक्या हातानं माती सोडवायची. पाचवीपासूनची मुलं हे काम मन लावून करतात, आणि फळ्यावर काढलेल्या मुळाच्या आकृतीपेक्षा त्यांना इथं कितीतरी जास्त कळतं.

सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते असं: वर्षभर जमिनीत राहूनही मुळांचा गोळा पिशवीच्याच आकाराचा. तळाशी मुळं गोल गोल फिरून दोरीसारखी पिळलेली, बाहेरच्या मातीत एकही मूळ गेलेलं नाही. असं रोप पावसाळाभर आणि हिवाळाभर त्या छोट्या गोळ्यातल्या ओलाव्यावर जगलं. खालच्या ओलीपर्यंत ते पोचलंच नव्हतं. त्याला मे महिन्यात रोज पाणी मिळालं असतं तर कदाचित आणखी एक वर्ष निघालं असतं, पण झाड झालं नसतं.

याची दोन कारणं असतात. एक, रोप काळ्या पिशवीत फार दिवस राहिलेलं. रोपवाटिकेतून आणताना सगळ्यांना उंच रोप हवं असतं, कारण फोटोत ते चांगलं दिसतं. लहान पिशवीत कमरेएवढं वाढलेलं रोप हे सगळ्यात वाईट. त्यापेक्षा गुडघ्याएवढं, जाड बुंध्याचं, पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर न आलेलं रोप घ्या. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत गेलात तर एखादी पिशवी फाडून दाखवायला सांगा. लावताना पिशवी पूर्ण काढा, तळाची पिळलेली मुळं धारदार कात्रीनं छाटा, बाजूची बोटांनी मोकळी करा. पिशवी न काढता नुसती चीर देऊन लावलेली रोपं अजूनही खूप ठिकाणी निघतात.

दुसरं कारण खड्ड्याचं. पावसात ओल्या चिकण मातीत पहारीनं खणलेल्या खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि वाळल्यावर मडक्यासारख्या घट्ट बनतात. मूळ भिंतीला टेकतं आणि वळतं. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत ही जुनी शिकवण याचसाठीही आहे. आयत्या वेळी खणावाच लागला तर भिंतींवर कुदळीच्या टोकानं ओरखडे काढा आणि खड्डा गोल न ठेवता चौकोनी करा.

मुळं काळी, मऊ आणि कुजका वास येणारी असतील तर रोप पाण्याअभावी मेलेलं नाही, पाण्यानं मेलंय. काळ्या मातीच्या आवारात हे हमखास होतं. पावसाळ्यात खड्डा हौद बनतो, मुळं गुदमरतात, आणि तेच अर्धमेलं रोप उन्हाळ्यात वाळतं. अशा जमिनीत खड्ड्याऐवजी वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा.

मुळं कुरतडलेली, जवळपास मूळच उरलेलं नाही, आणि मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी सापडली तर ती हुमणी. शेणखत कच्चं घातलं की ती हमखास वाढते. पूर्ण कुजलेलंच खत वापरा, आणि तेही थोडं. माळरानाच्या देशी रोपांना खताची फारशी गरजच नसते. वाळवीचे मातीचे बोगदे दिसले तर लगेच तिला दोष देऊ नका. बहुतेक वेळा ती मरत्या किंवा मेलेल्या लाकडावर येते. खोडाला चिकटून पालापाचोळा रचला असेल तर मात्र तिला वाटच करून दिल्यासारखं होतं.

आणि जमिनीलगत सालीवर गोल वळसा पडलेला असेल, जणू कुणी सुरीनं सोललं आहे, तर तो गवत कापायच्या यंत्राच्या नायलॉन दोरीचा वार आहे. कधी आधाराच्या काठीला बांधलेली सुतळी खोडात रुतूनही तसंच होतं. साल पूर्ण गोल निघाली की पानांत तयार झालेलं अन्न मुळापर्यंत उतरत नाही. रोप काही महिने तग धरतं आणि मग जातं.

जमिनीला विचारा

शाळेचं आवार म्हणजे बहुधा बांधकामाचा राडारोडा, वर मुरूम आणि त्यावर वर्षानुवर्षं खेळून घट्ट झालेला मातीचा थर. तिथं एक चाचणी जरूर करा. ३० सेंमी खोल खड्डा खणून पाण्यानं भरा, ते पूर्ण जिरू द्या, लगेच पुन्हा भरा आणि पट्टी उभी करून दर तासाला पातळी किती उतरली ते मुलांना मोजू द्या. तासाला दोन ते पाच सेंमी उतरत असेल तर ठीक. एक सेंमीहून कमी असेल तर जमीन दबलेली आहे किंवा खाली चिकण थर आहे. तिथं एकेक खड्डा घेण्यापेक्षा संपूर्ण पट्टाच हातभर खोल खणून भुसभुशीत केला तर फरक पडतो. तासाभरात सगळंच पाणी गेलं तर खाली विटांचे तुकडे आहेत, आणि रोप उन्हाळ्यात टिकणार नाही. चुना-सिमेंटचा ढीग जिथं कालवला होता ती जागा सोडूनच द्या.

मला विचाराल तर बाभूळ, हिवर, बोर, बहावा, कडुलिंब, पळस यांसाठी रोपाच्या भानगडीत न पडता बी थेट पेरणं उत्तम. थेट पेरलेल्या बियाचं सोटमूळ पिशवीत कधी वळलेलंच नसतं, ते सरळ खाली जातं. वर वीतभर दिसणारं रोप खाली त्याहून कितीतरी खोल गेलेलं असतं. कडुलिंबाचं आणि पळसाचं बी फार दिवस टिकत नाही, ताजंच पेरावं लागतं. बहाव्याचं बी उलट, त्याची साल इतकी टणक की खरकागदावर घासून पातळ करावी लागते. हे घासण्याचं काम तिसरी-चौथीच्या मुलांना द्या. एका जागी तीन-चार बिया टाकायच्या आणि जे रोप जोमदार येईल ते ठेवायचं.

पाण्याबद्दल

मुलं सुट्टी होताना आपापल्या बाटलीतलं उरलेलं पाणी रोपाला घालतात. भावना सुंदर आहे, आणि ती मोडावी असं मी म्हणणार नाही. पण ६० सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात २१६ लिटर माती मावते. हा हिशेब मुलांनाच करू द्या. त्यावर अर्धा लिटर पाणी म्हणजे वरची दोन-तीन बोटं माती भिजते. रोज वरवर पाणी मिळालं की मुळं वरच राहतात आणि सुट्टी लागताच पहिल्या आठवड्यात ती भाजून निघतात.

म्हणून कमी वेळा पण भरपूर द्या. आठवड्यातून एकदा १० ते १५ लिटर, हळूहळू, आळ्यात जिरेल तसं. आळं खोडालगत न करता फांद्यांच्या टोकांखाली. जानेवारीपासून दोन पाण्यांमधलं अंतर मुद्दाम वाढवत न्या, म्हणजे मे येईपर्यंत रोपाला सवय झालेली असते. आच्छादन पाच ते आठ सेंमी जाड, खोडापासून चार बोटं दूर. शाळेतला पालापाचोळा जाळायचा बंद केलात की आच्छादन आपोआप मिळतं.

सुट्टीसाठी मातीचा, रंग किंवा झिलई नसलेला साधा माठ गळ्यापर्यंत पुरून ठेवणं हा खात्रीचा उपाय आहे. पाणी माठातून पाझरत राहतं आणि मुळं त्याच्याकडे खोलात वळतात. झाकण घट्ट हवं, नाहीतर डास होतात. शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन घरांतल्या मुलांनी चार-पाच दिवसांतून माठ भरले तरी भागतं. रोज येण्याची जबाबदारी मुलांवर टाकू नका. ती मे महिन्याच्या उन्हात पाळली जात नाही, आणि रोप मेलं की मूल स्वतःला दोषी समजतं.

पंधरा ऑगस्टची साफसफाई

पावसात पहिले दोन महिने आवारात काय काय उगवतं: टाकळा, बला, केना, तालीमखाना, नाना तऱ्हेचं गवत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यावर अंडी असतात, अळ्या असतात, बेडकाची पिल्लं असतात. आणि नेमकं झेंडावंदनाच्या आधी सगळं जमिनीसरसा कापलं जातं. गवताला बी धरण्याआधीच ते जातं, म्हणून पुढच्या वर्षी चांगलं गवत विरळ होतं आणि त्याच्या जागी गाजरगवत येतं. देशी रोपंही याच कापणीत जातात, कारण गवतात ती दिसत नाहीत.

शिपाईमामा किंवा ग्रामपंचायतीचा माणूस मुद्दाम काही बिघडवत नसतो. त्याला सांगितलेलं असतं की आवार स्वच्छ दिसलं पाहिजे. तेव्हा जागा दिसेल अशी आखा. कडेला दगडांची ओळ, चुन्याची पट्टी, आणि भोवती दीड-दोन मीटर रुंद पट्टा नियमित कापलेला. कापलेली कड दिसली की आतलं उंच गवत मुद्दाम ठेवलेलं आहे हे कुणालाही न सांगता कळतं. मुलांच्या हस्ताक्षरातली पाटी लावा: इथं काय राहतं, आणि कापणी कधी. आतलं गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बी पडून गेल्यावर, एकदाच कापायचं, आणि तेही अर्धं या वर्षी, अर्धं पुढच्या. प्रत्येक रोपाशेजारी छातीएवढी काठी रोवा, टोकाला रंग द्या.

घाणेरी परत का येते

घाणेरी, म्हणजे लँटानाचं झुडूप, कोयत्यानं कापली की एका खोडाची दहा होतात. तिला जमिनीच्या वर कापून काहीच साधत नाही. दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळवलेली पद्धत अशी, की मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंमीवर कुदळीनं तोडायचं, संपूर्ण झुडूप उचलायचं आणि मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. फळं पिकण्याआधी करा. हे काम मोठ्यांचं. मुलांचं काम पुढचं आहे: बुलबुल फळं खाऊन ज्या तारेवर, ज्या फांदीवर बसतात तिच्याखाली पावसात घाणेरीची इवली रोपं येतात, ती शोधून उपटायची. हे दोन-तीन पावसाळे करावं लागतं. आणि मोकळी झालेली जागा मोकळी ठेवायची नाही. लगेच तिथं गवताचं बी टाका, नाहीतर रानमोडी किंवा घाणेरीच परत येईल.

गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात नोंदवलं गेलं आणि तिथून देशभर गेलं. त्याच्यामुळे त्वचेला खाज आणि दम्याचा त्रास होतो. म्हणून मुलांकडून उघड्या हातानं ते उपटून घेणं बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. हातमोजे आणि मास्क घालून, माती ओली असताना, फुलावर येण्याआधी, मोठ्यांनी उपटावं. पानांवर काळसर रेघांचे पिवळट भुंगेरे दिसले तर ते मारू नका. ते मेक्सिकोतून आणून १९८० च्या दशकात भारतात याच कामासाठी सोडलेले झायगोग्रामा भुंगेरे आहेत, आणि ते गाजरगवतच खातात. रिकाम्या जागी टाकळ्याचं बी फेकलं तर तो गाजरगवताला दाबतो आणि पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्यांना खाद्यही होतो.

सुबाभळीचं मोठं झाड काढायचं मनात असेल तर घाई करू नका. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तोवर त्याच्या हिरव्या शेंगा तोडत राहा आणि खालची रोपं उपटत राहा.

झाडं जगली, पण कुणी आलंच नाही

बागेत बोगनवेल, दुहेरी जास्वंद, शोभेचा झेंडू लावला आणि फुलपाखरं आली नाहीत, असं सांगणारे बरेच भेटतात. काही येतातही, मध पितात आणि जातात. राहत नाहीत, कारण अंडी घालायला त्यांचं झाड नाही. प्रत्येक जातीच्या अळीला ठरावीक वनस्पतीच चालते. लिंबू, कढीपत्ता, बेल या एका कुळातल्या झाडांवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन वाढतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉरमॉनची अळीही लिंबूवर्गातल्याच झाडांवर राहते. रुईवर प्लेन टायगर, बहाव्यावर एमिग्रंट, एरंडावर कॉमन कॅस्टर. कुंपणाकडेची रुई काढून टाकणाऱ्या शाळा मी कितीतरी पाहिल्या. तिचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून मुलांना हात लावू न देणं बरोबर, पण कोपऱ्यात एक-दोन झुडपं राहू द्या.

खरी अडचण यापुढची आहे. अळ्या येतात, पानं खातात, आणि कुणीतरी रोग पडला म्हणून फवारणी करतं. लिंबाच्या पानावर बारकाईनं बघा. लहान अळी तपकिरी-पांढरी, अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पाखरू तिला सोडून देतं. कात टाकत मोठी झाली की हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. गवताच्या काडीनं हळूच स्पर्श केला की डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. हे एकदा पाहिलेलं मूल पुढे कुणालाही त्या झाडावर फवारू देत नाही. पानांना पडलेली भोकं मोजायला लावा आणि ती संख्या यशाच्या रकान्यात लिहा. आवारात कीटकनाशक आणि तणनाशक पूर्ण बंद हवं, कडेला चिमणीला दाणे टाकता तिथंही.

मुळात इथं जंगल होतं का

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, पण तो सुचतो शेवटी. सोलापूर, अहिल्यानगर, सांगलीचा पूर्व भाग हा पर्जन्यछायेचा प्रदेश. तिथलं मूळ रूप उघडं गवताळ माळरान, मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य केलं ते याच माळरानावर. अशा जागी जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींच्या पद्धतीनं दाट लागवड केली तर पाण्याचा खर्च कायमचा मागे लागतो आणि माळावरचे चंडोल, तितर, सरडे यांना जागा उरत नाही. मियावाकींचा विचारच मुळी असा होता की त्या जागेवर निसर्गतः जे जंगल वाढलं असतं तेच लावायचं. जिथं निसर्गतः गवतच होतं तिथं ती पद्धत लागू होत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या सड्याचंही, म्हणजे उघड्या खडकाळ पठाराचंही, तसंच. कासच्या पठाराला झाडं नसली म्हणून कुणी उजाड म्हणत नाही, मग शाळेमागच्या सड्याला तरी का म्हणावं?

तुमच्या परिसरात मूळ काय होतं ते बघायला मुलांना जवळच्या देवराईत, ओढ्याकाठी किंवा न नांगरलेल्या बांधावर घेऊन जा. पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा. घरातल्या आजी-आजोबांना विचारायला लावा की लहानपणी इथं काय उगवायचं. माळरानाची शाळा असेल तर पवन्या आणि मारवेलचं गवत जोपासा. कुसळी मात्र वाटेपासून लांब ठेवा, तिची कुसळं कपड्यांत घुसतात आणि मुलं वैतागतात.

पालकांची तक्रार: साप आणि डास

ही तक्रार आली की संपूर्ण प्रकल्प एका बैठकीत बंद पडतो, आणि मुलांची सुरक्षितता पुढे असेल तर तो बंद पडणं योग्यही आहे. म्हणून उत्तर आधीच तयार हवं. उंच गवताचा तुकडा वर्गखोल्या, स्वच्छतागृह आणि पायवाटेपासून दूर ठेवा, मधला पट्टा कायम कापलेला. दगडांचा आणि लाकडांचा ढीग भिंतीला लागून नको. साप येतो तो बहुतेक वेळा उंदरांमागे, आणि उंदीर येतात पोषण आहाराच्या सांडलेल्या अन्नामागे. ती जागा आधी साफ करा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप चित्रावरून मुलांना ओळखता यावेत, आणि नियम एकच: दिसला की लांब व्हायचं, मोठ्यांना सांगायचं. मारायचा नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापांना संरक्षण आहे. ओंडक्याखाली किंवा बिळात हात घालायचा नाही. दंश झालाच तर बांधणं, कापणं, मंत्रतंत्र काही नाही, हालचाल थांबवून १०८ ला फोन आणि थेट रुग्णालय. प्रतिविष कुठल्या रुग्णालयात आहे हे फलकावर लिहिलेलं असावं.

डासांचं गणित सोपं आहे. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. पाखरांसाठी ठेवलेली भांडी आठवड्यातून दोनदा घासून भरली तर डास होणार नाहीत. लहान तळं केलं असेल तर त्यात गप्पी मासे सोडायची घाई करू नका. ते बेडकांची अंडी आणि लहान पिल्लंही खातात. पावसाळी डबक्यात चतुरांची पिल्लं आली की ती डासांच्या अळ्या फस्त करतात, आणि डबकं हिवाळ्यात आटू दिलं तर प्रश्नच उरत नाही. तळं गुडघ्याहून उथळ हवं आणि भोवती कुंपण हवं, यात तडजोड नको.

गुरुजी बदलून गेले की

जिल्हा परिषदेच्या शाळेत हे ठरलेलं आहे. ज्या बाईंनी किंवा गुरुजींनी जीव ओतून सगळं उभं केलं त्यांची बदली होते, सातवीची मुलं पुढच्या शाळेत जातात, आणि नव्या माणसाला तो कोपरा झुडपांनी माजलेला वाटतो. जून गेला की तो साफ होतो. इतर कुठल्याही कारणापेक्षा या कारणानं असे कोपरे जास्त गेलेले आहेत, असं माझं ठाम मत आहे.

उपाय कागदावरच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि सरकारी शाळेत शाळा विकास आराखडा तिलाच करायचा असतो. जागेच्या मोजमापासह हा कोपरा त्या आराखड्यात घाला, समितीचा ठराव करा आणि इतिवृत्तात नोंदवा. मुख्याध्यापकांचा कार्यभार बदलताना जशी कपाटं-बाकांची यादी सोपवली जाते तशी या जागेची वही सोपवली गेली पाहिजे. वहीत नकाशा, प्रत्येक झाडाचं नाव, लावल्याचं किंवा पेरल्याचं वर्ष, मेलं असेल तर मुळं धुतल्यावर काय दिसलं, गवत कधी कापलं, कुठली फुलपाखरं कुठल्या झाडावर अंडी घालताना दिसली. पाचवीच्या मुलाची जोडी सातवीच्या मुलीशी लावा. मोठी जाताना तिनं आपली झाडं धाकट्याला फिरून दाखवायची आणि दोघांनी वहीत सही करायची. वही दोन प्रतींत ठेवा, एक शाळेत, एक समितीच्या अध्यक्षांकडे.